घंटेनंतरचा घास

तोरिनो, ३ फेब्रुवारी १९७४

प्रिय फेदोरामावशी,

अक्षर मध्येच फिकं झालं तर डोळ्यांना दोष देऊ नकोस. हे आमच्या कारखान्यातलं नापास पेन आहे. नापास पेनं कामगारांना फुकट मिळतात, त्यामुळे माझ्या घरात पेनांचा ढीग आहे आणि त्यातल्या एकानंही किराण्याची यादी शेवटपर्यंत लिहून होत नाही.

मुद्द्यावर येते. माझ्या संसारात अंड्यांवरून भांडण लागलं आहे. मी कारखान्यातून सहाला घरी येते. देलियो ट्रामच्या ऑफिसातून माझ्या कितीतरी आधी आलेला असतो. बूट काढून, पाय स्टुलावर ठेवून तो टीव्हीसमोर बसतो आणि माझा कोट अजून अंगावर असताना विचारतो, "आज काय?" मी म्हणते, "अंडी." मग तो असा उसासा टाकतो की वाटावं, घरात कुणीतरी गेलं. "माझी आई शिकाऱ्याची कोंबडी करायची," तो म्हणतो. "मंगळवारीसुद्धा."

त्याच्या आईची ती कोंबडी अडीच तास शिजते. सहाला चुलीवर चढवली तर आम्ही जेवायचं कधी, दुसऱ्या दिवशी नाश्त्याला?

मी हसण्यावारी नेलं असतं. पण कारखान्यात मला सगळ्या ओळीची मुकादम करायचं म्हणताहेत. पेनं तपासणाऱ्या बायकांवर आजवर पुरुष मुकादमच होता, आणि त्याला पेनातलं एवढंच कळतं की ते कानामागे ठेवायचं असतं. मला ईस्टरनंतर उत्तर द्यायचं आहे. मला ते काम हवं आहे, मावशी. इतकं हवं आहे की मी कुणाशी बोलतसुद्धा नाही. देलियोनं काय केलं? आईला पत्र लिहिलं. सासूबाईंचं उत्तर आलं, "ज्या घरात संध्याकाळी भांडं चुलीवर नसतं ते घर नव्हे, वेटिंग रूम आहे. मी येऊन बघते आणि मग ठरवू." ठरवू म्हणजे त्या ठरवणार. देलियो म्हणतो, "आई म्हणेल तसं. तिला अनुभव आहे."

आई असती तर तिला विचारलं असतं. आता तूच आहेस. ती कोंबडी तासाभरात होते का गं? माझ्याकडे प्रेशर कुकर आहे, लग्नात आलेला. त्यात करू का?

तुझी,
नीवेस


पोज्जोरोसो, ८ फेब्रुवारी

प्रिय नीवेस,

कुकरला हात लावू नकोस. त्यातली कोंबडी दवाखान्यात वाढण्याच्या लायकीची होते.

आज शुक्रवार आहे. आमच्या फादर उबाल्दोंसाठी खारा मासा भिजत घातलाय आणि चर्चच्या या घराला बंदरासारखा वास सुटलाय. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सोडला तर शुक्रवारी मांस चालेल, असं रोमनं सांगून वर्षं झाली. पण फादर म्हणतात ती बातमी त्यांना अजून अधिकृतपणे पोचलेली नाही. मी इतकी वर्षं त्यांचं घर सांभाळते आहे, पण त्यांना साधं अंडं उकडता येत नाही. मोठ्या अडचणीत असले की येऊन विचारतात, "फेदोरा, पाणी तापलं हे कसं ओळखायचं?" आणि हे गृहस्थ दर रविवारी लोकांना संसार कसा करावा हे सांगतात.

आता तुझ्या सासूच्या अडीच तासांबद्दल. त्या कोंबडीचं रहस्य सांगते, कुणाला सांगू नकोस, बायकांचा मान जाईल. पूर्वी कोंबडी कापायची ती कधी? अंडी द्यायची थांबली, चालताना धापा टाकायला लागली, की मग. तसल्या म्हातारीला मऊ करायला अडीच तास लागायचे. तो वेळ तिच्या वयाचा होता, चवीचा नव्हता. तुझ्या तोरिनोच्या दुकानातली कोंबडी म्हणजे काल जन्मलेली पोर आहे. तिला अडीच तास शिजवलीस तर भांड्यात फक्त हाडं आणि पश्चात्ताप उरेल.

तंगड्या आणि मांड्या घे. छातीचा भाग देलियोसारखा असतो, दिसायला मोठा आणि आतून कोरडा. पसरट लोखंडी तव्यात तेल तापव, तुकडे लाल कर, बाजूला काढ. त्याच तेलात कांदा, लसूण, रोजमेरी आणि खारवलेल्या छोट्या माशाचे दोन तुकडे. मासा विरघळून जातो, कुणाला कळत नाही, आणि सगळे म्हणतात, वा, काय चव! वर लाल वाईन. मग टोमॅटो, ऑलिव्ह, आणि कोंबडी परत आत. अर्धवट झाकण. तू कपडे बदल, तोंड धू, नवऱ्याला दोन शब्द सुनाव, तेवढ्यात होते.

मुकादमकीबद्दल फादरांना सांगितलं. ते म्हणाले, "बाईनं बायकांवर हुकूम चालवायचा?" मी म्हटलं, "मग या घरात काय चाललंय?"

तुझी मावशी,
फेदोरा


तोरिनो, १९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

केली. फसली. तुकडे लाल व्हायच्याऐवजी पांढरेफटक राहिले, सगळ्या तव्यात पाणी सुटलं आणि वाईन त्या पाण्यात नुसती पोहत राहिली. देलियोनं एक घास घेतला आणि विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का?"

मदतही केली हं त्यानं. मी तव्याशी झटापट करत असताना टीव्हीचा आवाज कमी केला.

त्या रात्री शेवटी अंडीच केली. तो म्हणाला, "निदान अंडी तरी तुला जमतात." मावशी, मी दिवसभर लोकांची पेनं नापास करते. नवरा नापास करायची सोय कुठे असते?

मे महिन्यात घटस्फोटाच्या कायद्यावर मतदान आहे, म्हणजे उत्तर आहेच. पण तुला घाबरवत नाही. मला घटस्फोट नकोय, तव्याचं काय चुकलं एवढं सांग.

नीवेस


पोज्जोरोसो, २६ फेब्रुवारी

प्रिय नीवेस,

मतदानाचं नाव काढू नकोस. फादर दर रविवारी घटस्फोटाविरुद्ध गरजतात, आणि समोरच्या बाकावर बसून माना डोलावणारे सगळे एकतर विधुर आहेत नाहीतर नवरा जर्मनीत कामाला असलेल्या बायका आहेत. ज्यांचं माणूस घरात आहे ते मागे उभे राहतात आणि काही बोलत नाहीत.

तव्याचं काही चुकलं नाही, तुझं चुकलं. कोंबडी धुऊन तशीच ओली टाकलीस ना? फडक्यानं कोरडी कर, नवजात बाळाला करतात तशी. दुसरं, सगळे तुकडे एकदम कोंबलेस. त्यांना ऐसपैस बसू दे. तिसरं, सारखी हलवत बसलीस. तू तपासणी खात्यात आहेस, तुला प्रत्येक गोष्ट उलटून बघायची सवय. टाकलीस की हात बांधून उभी राहा, ती स्वतःहून तवा सोडेपर्यंत. आणि वाईन घातल्यावर नाक वर धर. वास डोळ्यांत झोंबायचा थांबला की टोमॅटो घाल, त्याआधी नाही.

आज उपासकाळापूर्वीचा शेवटचा मंगळवार. सकाळपासून गोड पट्ट्या तळतेय, गावातली पोरं तोंडाला साखर फासून फिरताहेत. उद्या फादर सगळ्यांच्या कपाळाला राख लावतील आणि मग ईस्टरपर्यंत माझे हाल. उपासकाळातल्या शुक्रवारी मांसाचा कण तोंडात गेला तर पाप, यात रोमनं काही सूट दिलेली नाही. मी विसरू नये म्हणून फादर माझ्या चुलीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक शुक्रवारी स्वतः मासा काढतात. तो मासा बुटासारखा दिसतो. आत्ताही समोर दिसताहेत, ईस्टरपर्यंत बुटांची रांग.

फेदोरा


तोरिनो, ७ मार्च

मावशी गं,

जमली! फडक्यानं पुसली, हात बांधून उभी राहिले (तोंडही बांधलं असतं, पण देलियो बोलत होता), आणि मधाच्या रंगाची झाली. देलियोनं दोनदा घेतली. मग तोंड पुसून म्हणाला, "ठीक." तुला माहीत नाही, त्याच्या तोंडून 'ठीक' म्हणजे आमच्या चौकात पुतळा उभारल्यासारखं आहे.

पण आता खरी परीक्षा. सासूबाई येताहेत. पंधरा तारखेला दुपारच्या गाडीनं, रविवारपर्यंत मुक्काम. त्यांनी लिहिलंय, "सूनबाईनं माझ्यासाठी सुट्टी घेऊ नये. मला नेहमीची संध्याकाळ बघायची आहे." दुपारी काही खाणार नाहीत, प्रवासात त्यांना चालत नाही. म्हणजे भुकेल्या सासूसमोर कामावरून आलेली सून आणि घड्याळ.

देलियो म्हणतो, "एकदा आईनं बघू दे. ती म्हणाली चालेल तर चालेल, ती म्हणाली नोकरी सोड तर मग वाद नको." मी म्हटलं, "आणि मी काय म्हणते?" तो म्हणाला, "तू कुठे काही म्हणालीस?" मावशी, तेव्हा मला कळलं की मी खरंच काही म्हणाले नव्हते. म्हणून त्याला सांगितलं, मला ते काम हवंय. तो म्हणाला, "बरं. आईला सांगू."

काय करू जेवायला? कोंबडी करायची छाती होत नाही. ती त्यांची स्वतःची आहे, त्यांच्या गावात त्या कोंबडीची कीर्ती आहे. साधं सूप करू का? का अंडीच करून एकदाचा निकाल लावू?

नीवेस


पोज्जोरोसो, १० मार्च

नीवेस,

घाईत लिहिते, फादर जेवायला बसलेत आणि मीठ शोधताहेत. मीठ त्यांच्यासमोर आहे.

तुझं पत्र हातात घेऊन कॅलेंडरसमोर उभी राहिले, पंधरा तारखेवर बोट ठेवलं आणि नीट विचार केला. कोंबडीच कर. दुसरा विचार करू नकोस. सूप करशील तर म्हणतील आळशी आहे. अंडी करशील तर तुझा निकाल तूच लिहून दिलास.

पाव भरपूर आण, चांगला, जाड सालीचा. रस्सा जास्त ठेव. शेजारच्या कुणाला बोलावू नकोस. आणि त्यांच्याशी जेवताना गप्पा मार, कुठल्याही विषयावर, पण खाऊ दे पोटभर.

फेदोरा


तोरिनो, १६ मार्च

मावशी,

सगळं संपलं. हे पत्र मी त्या खोलीत बसून लिहितेय जिथून सासूबाई आज पहाटेच्या गाडीनं निघून गेल्या. रविवारपर्यंत थांबणार होत्या.

क्रमानं सांगते. मी सहाला आले तर सासूबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर, डोक्यावर टोपी, मांडीवर पर्स, जणू आमचं घर सुटायला अजून वेळ आहे. मी कोट काढला आणि तवा ठेवला. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

"किती वेळ घेणार?"

"पाऊण तास, सासूबाई."

"पाऊण तासात कोंबडी मरतसुद्धा नाही नीट."

पुसून टाकली, हात बांधले. त्या मागून म्हणाल्या, "हलवत नाहीस ती?" मी म्हटलं, "स्वतःहून सुटेल." आणि मावशी, मला वाटलं की त्यांची खुर्ची जराशी पुढे सरकली.

वाढलं. त्यांनी पहिला घास चावला आणि बराच वेळ चावत राहिल्या. देलियो म्हणाला, "आई, तुझ्यासारखीच झालीय ना?" त्या म्हणाल्या, "माझ्यासारखी नाही." आणि ताट पुढे केलं. मी पुन्हा वाढलं. मग त्यांनी टोपी काढली. मग तंगडी हातात घेतली. तू म्हणालीस तशा मी गप्पा मारत होते, मुकादमकीचंही बोलले, आणि त्या चक्क म्हणाल्या, "बायका पुरुषांपेक्षा बरं लक्ष ठेवतात, हे मी आमच्या महिला मंडळात बघते." मी टेबलाखाली देलियोच्या पायावर पाय दिला.

मग त्यांनी पाव तोडला आणि ताटातला रस्सा पुसायला घेतला. आणि त्याच क्षणी कोपऱ्यावरच्या चर्चची घंटा वाजली.

"या वेळेला कसली घंटा?" सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "क्रुसाच्या वाटेची प्रार्थना असते ना, उपासकाळात, दर…"

आणि माझी नजर ताटातल्या तंगडीवर गेली.

"आज वार कोणता?" त्या हळूच म्हणाल्या.

देलियो, ज्याला देवानं तोंड दिलं पण त्यावर झाकण दिलं नाही, आनंदानं म्हणाला, "शुक्रवार! उद्या सुट्टी!"

मावशी, पावाचा तुकडा हवेत होता. त्यातून रस्सा टेबलक्लॉथवर टपटपत होता. घंटा चालूच. सासूबाईंनी त्या तुकड्याकडे बघितलं. ताटात परत ठेवावा तर उष्टा पाव फेकावा लागणार, आणि पाव फेकणं म्हणजे देवाच्या तोंडावर मारणं, हे त्यांनीच देलियोला लहानपणापासून शिकवलंय. त्यांनी डोळे मिटले आणि खाल्ला. मी शपथेवर सांगते, सावकाश खाल्ला.

मग उठल्या. "मला तू नरकात ढकललंस, सूनबाई," असं म्हणाल्या, खोलीत गेल्या आणि आतून कडी. रात्रभर माळेचे मणी खडखडताना ऐकू येत होते. पहाटे निघताना मुलाशीही बोलल्या नाहीत. निकाल दिलाच नाही. देलियो म्हणतो, आई काहीच म्हणाली नाही म्हणजे नाहीच म्हणाली.

माझंच चुकलं. कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज मांस असतं, मला वारांचं भान राहत नाही. पण तुझ्याही लक्षात आलं नाही ना, फादरांच्या घरात राहून? तुझ्यासारखीच्या लक्षात येत नाही तिथे माझं काय. स्वतःला दोष देत बसू नकोस.

ईस्टरनंतर कारखान्यात 'नाही' सांगायचं. ते वाक्य मी घरी म्हणून बघतेय. जमत नाही.

नीवेस


कास्तेलबोर्मा, २० मार्च

सन्माननीय श्रीमती फेदोरा यांस,

आपली भेट माझ्या मुलाच्या लग्नात झाली होती. आपण त्या वेळी केकबद्दल जे बोललात ते मी मनावर घेतलेलं नाही.

पत्रास कारण की, माझी एक मैत्रीण आहे. अतिशय धार्मिक, आमच्या चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्षा. तिच्या हातून परगावी असताना, केवळ प्रवासाच्या थकव्यानं, उपासकाळाच्या एका नियमाबाबत थोडी चूक झाली आहे. तिला पापांची कबुली देऊन मोकळं व्हायचं आहे. परंतु आमच्या गावचे फादर वयोमानानं बहिरे झाले असून त्यांना कबुली ओरडून सांगावी लागते. पहिल्या बाकावर पिनुच्चा नावाची एक बाई सदैव प्रार्थना करत असते. ती बरीच वर्षं अध्यक्षपदाची वाट बघते आहे, आणि मैत्रिणीनं घटस्फोटाच्या प्रश्नावर नुकतंच घरोघर जाऊन नैतिकतेबद्दल उपदेश केला असल्यामुळे हे प्रकरण नाजूक आहे.

आपण एका फादरांचं घर सांभाळता असं ऐकते. त्यांना ऐकू येतं का? मैत्रिणीला मी स्वतः घेऊन येऊ शकेन. ती एकटीच येईल.

आपली विश्वासू,
क्लोतिल्दे

ता. क. मैत्रीण विचारते, त्या कोंबडीच्या रस्स्यात खाली खारट आणि खोल अशी एक चव होती, ती कशाची?


पोज्जोरोसो, ३१ मार्च

प्रिय नीवेस,

'नाही' म्हणायची तालीम बंद कर आणि खुर्चीत बस.

गुरुवारी तुझी सासू येऊन गेली. पत्रात मैत्रीण आणणार होती, बसमधून एकटीच उतरली, काळी जाळी तोंडावर ओढून, अशी की सगळ्या गावानं वळून बघितलं. मी विचारलं, "मैत्रीण कुठेय?" तर म्हणाली, "तिला बरं नाही. तिच्या वतीनं मीच आलेय." मी म्हटलं, "कोंबडी दुसऱ्याच्या वतीनं खाता येत असेल तर कबुलीही देता येईल. या."

फादरांच्या कमरेत सणक भरली होती म्हणून ते स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसले. मला बाहेर पाठवलं. मी कोंबड्यांत जाऊन उभी राहिले, खिडकीपासून लांब, शप्पथ. पण जरा वेळानं क्लोतिल्दे बाहेर आली ती इतकी लाल होऊन की तिला कुणाशी तरी बोलणं भागच होतं, आणि तिथे मी होते आणि कोंबड्या होत्या.

"हे तुमचे फादर आहेत का कोण आहेत!" म्हणाली. "मी सांगितलं, वार विसरून कोंबडी खाल्ली, मग घंटा झाली. ते म्हणाले, विसरून खाल्ली ती देव मोजत नाही, घंटेनंतरचं सांगा. मी म्हटलं, एक घास. ते म्हणाले, लहान? मी म्हटलं, मध्यम. मग विचारतात कसे, चव कशी होती!"

"मग काय सांगितलंत?"

"कबुलीत खोटं कसं बोलू? चांगली होती म्हटलं. तर म्हणाले, मग पश्चात्ताप झालाय का? आता तुम्हीच सांगा बाई, पश्चात्ताप घासाचा करायचा की चवीचा? घासाचा झालाय. चवीचा मी प्रयत्न करते आहे."

नीवेस, तुझ्या सासूला इतकी वर्षं मी उगाच नावं ठेवली. माणूस बरं आहे, फक्त टोपी फार घट्ट बसलेली.

पण खरा राग प्रायश्चित्तावर होता. तिनं स्वतःच गुडघ्यांवर माळ जपायची तयारी दाखवली होती, हव्या तितक्या वेळा. फादर म्हणाले, "माळ तुम्ही एरवीही जपता. ती तुमची सवय आहे, ते प्रायश्चित्त नव्हे." मग विचारलं, "तुमचा मुलगा संध्याकाळी घरी आल्यावर काय करतो?" ती म्हणाली, "बसतो." फादर म्हणाले, "तुमच्या हातून पाप कोंबडीवरून घडलं, फेडही कोंबडीवरूनच होईल. त्याला ती शिजवायला शिकवा. त्याच्या बायकोला त्यानं स्वतःच्या हातानं करून वाढली की तुमचं पाप फिटलं."

"तो पुरुष आहे, फादर!" क्लोतिल्दे ओरडली. एवढं मात्र कोंबड्यांपर्यंत ऐकू आलं. फादर म्हणाले, "मीही आहे. अंडं उकडता येत नाही मला. माझ्याकडे बघा आणि विचार करा, मुलाला असा म्हातारा करायचाय का?"

फादर स्वतःच्या डोक्यानं एवढं बोलले याचं मलाही नवल वाटलं. आदल्या दिवशी जेवताना मी देलियोच्या स्टुलाबद्दल थोडं बोलले होते. सहज, मीठ पुढे सरकवताना.

जाण्यापूर्वी तिला खारवलेल्या माशाबद्दल सांगितलं. कोंबडीत मासा! ती कोंबड्यांच्या पेटीवर मटकन बसली. मग म्हणाली, "म्हणजे शुक्रवारचा थोडासा नियम पाळला गेला होता." मी म्हटलं, तेवढं सूक्ष्म देवालाच कळेल. नोकरीचं विचारलं तेव्हा तिनं जाळी तोंडावर ओढली आणि म्हणाली, "मुलगाच स्वयंपाक करणार असेल तर सूनबाई सहाला आली काय आणि आठला आली काय. मी कशाला आडवी येऊ?" बसमध्ये चढताना वळून म्हणाली, "पिनुच्चाला कळता कामा नये." मी म्हटलं, "आमच्या कुटुंबात तोंडं घट्ट असतात. विशेषतः जिच्या मनासारखं झालंय अशा सुनेचं."

तिला समजलं. ती मूर्ख नाही.

फेदोरा


तोरिनो, ९ एप्रिल

मावशी,

सासूबाई येऊन गेल्या. गेल्या मंगळवारच्या गाडीनं, आधी कॅलेंडर बघून. घरात शिरल्या, स्टूल उचललं आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं. देलियोला ऍप्रन बांधला. तो म्हणाला, "आई, खिडकीचा पडदा तरी ओढ." त्यांनी ओढला. मग दोघांचं ते शिक्षण, मावशी! "हलवू नकोस!" "जळतेय आई!" "जळत नाहीये, लाल होतेय! तुझी बायको हात बांधून उभी राहते, बघितलंस कधी?" "कधी बघणार, मी टीव्ही बघत असतो!" तो असं म्हणाला आणि मग त्याला स्वतःलाच ऐकू आलं.

निघताना सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "मुकादम झालीस की पुरुषांना जास्त बोलू देऊ नकोस," म्हणाल्या. बस्स. हाच निकाल.

मी 'हो' लिहून दिलं. पेन पहिल्या ओळीतच संपलं, दुसरं घेतलं.

एक विचारायचं राहिलंय. तुझ्या चुलीवर ते कॅलेंडर आहे, त्यात प्रत्येक शुक्रवारी बुटासारखा मासा. पंधरा तारखेवर बोट ठेवलंस असं तूच लिहिलंयस. ते पत्र मी काल पुन्हा वाचलं. मावशी, तुला माहीत होतं का?

नीवेस


पोज्जोरोसो, १३ एप्रिल

नीवेस,

उद्या ईस्टर. कोकराला रोजमेरी लावतेय, हात भरलेत, म्हणून थोडक्यात. मुकादमकीबद्दल अभिनंदन. बायकांना कामाच्या वेळात बसायला खुर्च्या दे, आधीच्या मुकादमाला सुचलं नसेल.

तुझ्या बाकीच्या पत्राचं उत्तर असं की, इथे हवा छान आहे.

फेदोरा


तोरिनो, ९ मे

आदरणीय फेदोरामावशी,

मी आपल्याला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे चूकभूल माफ असावी. नीवेस आता आठला येते. मुकादमांना मागे थांबून हिशेब बघावा लागतो. म्हणून मंगळवार आणि गुरुवार कोंबडी माझ्याकडे असते.

मंगळवारी जरा गडबड झाली. वाईन आधी घालायची की टोमॅटो, हे विसरलो. आईला विचारलं तर तिनं एक सांगितलं, नीवेसनं दुसरं, आणि ऑफिसातल्या एकाला (नाव न सांगता) विचारलं तर त्यानं तिसरंच सांगितलं. त्यावरून कळलं की तोही घरी करतो. हे आमच्या ऑफिसात बरेच जण करत असावेत, बोलत कुणी नाही.

नीवेसनं एक घास घेऊन "ठीक" म्हटलं. मावशी, मी दीड तास उभा होतो. "ठीक" काय? माणसानं घाम गाळून केलेल्या जेवणाला कुणी असं म्हणतं का?

कृपया क्रम कळवावा. पत्र घरच्या पत्त्यावर पाठवा, ऑफिसच्या नको. शिवाय माझी पाळी बदलणार आहे, तर आठवड्यातले कोणते दिवस कोंबडीला चांगले, तेही सांगावे.

आपला,
देलियो


पोज्जोरोसो, १४ मे

प्रिय देलियो,

आधी वाईन. वास डोळ्यांत झोंबायचा थांबला की मग टोमॅटो. दीड तास लागतोय म्हणजे तू सारखी हलवतोस. हात बांध.

"ठीक" ही तुमच्या घरातली सर्वांत मोठी पदवी आहे असं मला तुझ्या बायकोनं पूर्वीच कळवलं होतं, तेव्हा पुतळ्याची जागा बघून ठेव.

वाराचं म्हणशील तर कुठलाही चालेल. फक्त उपासकाळातला शुक्रवार टाळ. तसला शुक्रवार एका घराला एकच पुरतो, आणि तुमचा मी वापरला आहे.

फेदोरामावशी